दाढी, वॅक्स, क्रीम की लेझर? खान्देशातल्या जड पाण्यात आणि कडक उन्हात नितळ त्वचेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. रेझर, तुरटी, वॅक्सच्या पट्ट्या, केस काढायची क्रीमं आणि नंतर उठलेल्या पुरळावरची औषधं, सगळं एकाच काउंटरवरून जातं. त्यामुळे कुणाचं काय बिघडतं ते रोज दिसतं. बहुतेकांच्या त्रासाचं मूळ एकच असतं: हात फिरवला तर खुंटही लागू नये म्हणून पातं दाबायचं आणि त्याच जागेवरून पुन्हापुन्हा फिरवायचं. जोर लावून दाढी नितळ होत नाही. केस नरम आणि पातं धारदार असलं की हलक्या हातानेच होते. गर्दीच्या वेळी काउंटरवर नीट समजावता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दाढी केली की गालांची आग होते. काय चुकतं?

"भाऊ, गालनी आग व्हई ऱ्हायनी" असं म्हणत कुणी आलं, की मी आधी विचारतो, तोंड भिजवून किती वेळ थांबलात? उत्तर बहुधा "लगेच केली" असंच येतं. कोरडा केस चिवट असतो. पाणी मुरलं की तो फुगतो, नरम पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात. म्हणून दाढी अंघोळीनंतर लगेच करावी. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल गालांवर ठेवावा आणि मग ब्रशने गोल फिरवत फेस करावा. फेस चढल्यावरही मिनिटभर थांबा.

दुसरी गोष्ट केसांच्या दिशेची. दोन दिवसांची दाढी वाढलेली असताना बोटं फिरवून बघा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती सुलटी. गालांवर ती साधारण वरून खाली असते, पण मानेवर प्रत्येकाचं वेगळं. कुणाचे केस खालून वर येतात, कुणाचे कानाकडे आडवे, तर कुणाला घाटीजवळ चक्क भोवरा असतो. मान सोलते ती इथेच, कारण गालावरची दिशा डोळे झाकून मानेवर नेली जाते. पहिला हात कायम सुलटा. आणखी साफ हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात ज्याच्या त्वचेला सोसतो त्यानेच मारावा, आणि तोही रोज नको. फेस नसलेल्या जागेवरून पातं फिरवायचं नाही.

शेवटी गार पाणी, टॉवेलने टिपून घेणं आणि साधं मॉइश्चरायझर. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह झोंबतं म्हणजे काम करतं, असा समज आहे. झोंबतं ते सोललेल्या कातडीला. नाजूक त्वचेच्या माणसाने ते वापरूच नये.

आमच्याकडे बोअरचं पाणी. फेसच येत नाही. साबण बदलू का?

आधी पाणी बदला. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका तयार करतं. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तो हाच. त्यामुळे फेस उभा राहत नाही, पातं अडखळतं आणि साका त्वचेवर बसून खाज सुटते ती वेगळीच. दाढीला पाणी लागतं किती? तांब्याभर. तेवढं पिण्याच्या जारमधलं किंवा आरओचं घ्या, पावसाळ्यात गाळलेलं पावसाचं घ्या. नुसतं उकळून सगळा जडपणा जात नाही, थोडाच कमी होतो. जड पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा ट्यूबमधलं क्रीम किंवा जेल बरं चालतं. त्यातही फेस न येणारी जेलं अनेकांना मानवतात.

एक ब्लेड किती दिवस चालवायचं?

पातं ओढायला लागलं की टाकायचं. दाट, राठ दाढीला तीन-चार वेळा, विरळ दाढीला सहा-सात वेळा, हा ढोबळ अंदाज. केसापेक्षा पोलाद कितीतरी पट कठीण, तरी धार का जाते? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात हे दाखवलं. धार नुसती झिजत नाही. केस वाकून विशिष्ट कोनात पात्याला भिडला की धारेचे सूक्ष्म कपचे उडतात. नरम केस त्वचेसाठी जितका चांगला तितकाच पात्यासाठीही, हे मी माझ्या पदरचं सांगतो. वापरानंतर पातं धुवा, झटका आणि बाथरूमच्या बाहेर कोरड्या जागी ठेवा. धार बोटाने तपासू नका आणि टॉवेलने पुसू नका.

मानेवर बारीक पुळ्या येतात, आत केस वळलेला दिसतो. पाच पात्यांचा रेझर घेऊ का?

नको. उलट एका पात्याचा घ्या, किंवा ट्रिमर. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस किंचित ओढून धरतं आणि मागचं कापतं. कापलेलं टोक मग मागे सरकून त्वचेच्या खाली जातं. सरळ केसाचं त्याने काही बिघडत नाही. कुरळा केस मात्र वाढताना वळतो आणि आतच रुततो. शरीर त्याला बाहेरची वस्तू समजतं, आणि पुळी येते.

अशा वेळी तीन-चार आठवडे दाढी बंद, हे पहिलं औषध. नोकरीमुळे जमत नसेल तर ट्रिमरने अर्धा मिलिमीटर खुंट ठेवून काढा. समोरच्याला ते दिसतही नाही. कोमट पाण्याचा शेक द्या. सुईने उकरू नका, आपल्या सावळ्या कातडीवर उकरल्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. पुन्हा सुरू कराल तेव्हा कातडी ताणून धरू नका आणि उलटा हात कायमचा विसरा. पुळ्या पूने भरल्या, दुखू लागल्या किंवा गाठी बनू लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

मित्राने सांगितलेली ट्यूब लावली की पुरळ दोन दिवसांत बसते. तीच द्या ना?

ही ट्यूब मी चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि त्यावरून काही गिऱ्हाइकं रागावून गेली तरी चालेल. या ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टेरॉइड असतं, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. लाली आणि खाज झपाट्याने जाते, म्हणून माणूस तीच पुन्हा लावतो. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, आणि बंद केली की आग दुपटीने परत येते. पुरळ मुळात गजकर्णाची असेल तर स्टेरॉइडने ती दबते आणि पसरते. मग महिनोन्‌महिने हटत नाही. दाढीच्या भागात गोल, कडेने लालसर, खाजरा चट्टा असेल तर ती दाढीची पुरळ नसून बुरशी असू शकते. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही चोपडू नका.

सलूनमध्ये काय बघायचं?

ब्लेडचा कागद तुमच्यासमोर फाडला जातोय का, हे बघा. आपल्याकडे पातं मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात लावतात. उरलेलं अर्धं कागदातच राहिलं असेल तर दुसऱ्याला चालतं. पण वस्तऱ्यात आधीचंच पातं असेल तर "दादा, नवीन लावा" असं सरळ म्हणा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही, निदान सात दिवस जिवंत राहतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचाही धोका रक्तातूनच. बीची लस आहे, मोठ्यांनाही घेता येते.

लोक ब्लेडचं बघतात आणि तुरटीचं विसरतात. दिवसभर तोच खडा प्रत्येकाच्या कापलेल्या गालावरून फिरतो. तुरटी रक्त थांबवते, पण खडा स्वतःचा न्या. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.

आणि मान मोडून घेऊ नका. दाढीनंतर डोकं धरून कडाडकन मान वळवतात त्यात मेंदूला रक्त नेणारी धमनी आतून फाटू शकते, आणि त्यातून तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. डोक्याची मालिश खुशाल करून घ्या, मान मात्र नाही.

दहाव्याला नदीवर सगळ्या भावांचं मुंडण एकाच वस्तऱ्याने होतं. त्या वेळी बोलणं बरं दिसत नाही.

अवघड वाटतं, हे खरं आहे. तापीकाठी रांगेने पंधरा-वीस जण बसलेले असतात, घरात दुःख असतं, आणि ब्लेडचा विषय काढायला तोंड उघडत नाही. म्हणून हे काम घरातल्या एखाद्या जावयाने किंवा चुलत्याने आधीच अंगावर घ्यावं. ब्लेडची पाकिटं विकत घेऊन कारागिराच्या हातात द्यायची आणि माणसागणिक पातं बदलायला सांगायचं. विधीला कुठेच बाधा येत नाही.

मुंडणानंतरचा त्रास उन्हाचा. टाळूच्या कातडीने वर्षानुवर्षं ऊन पाहिलेलं नसतं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात उघड्या डोक्याने दुपारभर फिरलं तर टाळू भाजते. सुती टोपी घाला किंवा उपरणं बांधा, आणि आठ-दहा दिवस सांभाळा.

श्रावणभर वाढवलेली दाढी पोळ्यानंतर काढायची. थेट रेझर लावू?

लांब केस रेझरमध्ये अडकतात आणि ओढले जातात. आधी ट्रिमरने किंवा कात्रीने खुंटापर्यंत आणा, मग भिजवून दाढी करा. पहिल्या दिवशी फक्त सुलटा हात.

रेझर लावला की केस जाड येतात ना? बाळाचं जावळ काढतात ते त्याचसाठी तर?

नाही येत. अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली काही पुरुषांना ठरलेल्या पद्धतीने दाढी करायला लावून केस मोजले. जाडी आणि वेग, दोन्हीत फरक पडला नाही. केसाची जाडी आणि रंग ठरतो मुळाशी. पातं वरचा भाग कापतं, मुळापर्यंत जातच नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून खुंट राठ लागतो. मुलींना "रेझर लावशील तर पुरुषासारखे केस येतील" असं घाबरवतात, त्याला आधार नाही.

जावळ हा संस्कार आहे, श्रद्धेने करा. दाट केसांसाठी मात्र दोन-तीनदा गोटा करू नका. आणि तान्ह्या बाळाच्या कपाळावरची, पाठीवरची लव घालवायला कणकेचा गोळा घासतात, ते कृपा करून थांबवा. ती लव काही महिन्यांत आपोआप जाते. घासल्याने बाळाची कोवळी कातडी सोलते, जंतू शिरतात, आणि बाळ रडतं ते दुखतं म्हणून. आजीचं मन मोडायचं नसेल तर तेल लावून हलकी मालिश करा.

हातापायांसाठी वॅक्स बरं, क्रीम बरं, की रेझर?

दुखणं सोसवत असेल आणि तीन-चार आठवडे सुटका हवी असेल तर वॅक्स. केस साधारण अर्धा सेंटिमीटर वाढलेला हवा, नाहीतर पट्टीला धरत नाही. पट्टी केसांच्या उलट दिशेने, कातडीला समांतर ओढायची. वर उचलून ओढली की केस तुटतो आणि आत रुततो. खान्देशी उन्हाळ्यात घामाने साखरेचं वॅक्स सैल पडतं, त्यामुळे सकाळी लवकर, अंग कोरडं करून, चिमूटभर टाल्कम लावून करा. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. पार्लरमध्ये एकच पट्टी किंवा काडी सगळ्यांना फिरत असेल तर उठून या. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील तर वॅक्स अजिबात नाही, वरची कातडीच निघून येते. चेहऱ्यावर रेटिनॉइडचं (मुरमांवरचं, अ जीवनसत्त्वाच्या गटातलं) क्रीम लावणाऱ्यांनीही चेहऱ्याचं वॅक्स टाळावं.

क्रीम दुखत नाही, पण ते सौम्य आहे असं समजू नका. त्यातलं थायोग्लायकोलेट तीव्र अल्कलीत केसाचं केराटिन विरघळवतं. कातडीतही केराटिनच असतं. म्हणून खोक्यावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवायचं नाही, आणि आदल्या दिवशी हातावर रुपयाएवढ्या जागी लावून बघायचं. हा शेवटचा सल्ला फारच थोडे पाळतात, आणि भाजलेल्या मांड्या घेऊन येतात.

रेझर स्वस्त, झटपट, आणि नीट भिजवून केला तर सर्वांत कमी भानगडीचा. दोन-तीन दिवसांत खुंट लागतात एवढंच. काखेत केस चारही दिशांनी वाढतात, तेव्हा हात डोक्यामागे नेऊन हलकेच फिरवा. ते काम रात्री करा आणि डिओ दुसऱ्या दिवशीच लावा.

लग्नात हळदीच्या किती दिवस आधी वॅक्स करावं?

दोन-तीन दिवस आधी. वॅक्स केल्यावर केसांची छिद्रं हुळहुळी असतात. लगेच त्यावर तेल-हळद चोळली आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास मांडवात घाम आला की अंगभर पुरळ उठते. नवरदेवाने दाढी आदल्या रात्री करावी, आणि त्या आठवड्यात कुठलंच नवं क्रीम किंवा ब्लीच चेहऱ्याला लावू नये. ब्लीच केस काढत नाही, फक्त त्यांचा रंग उतरवतं.

मुलीच्या हनुवटीवर राठ केस येतात. पाहुणे बघायला येणार आहेत, लेझर करून टाकू का?

मावशी, आधी तिची पाळी नियमित आहे का ते विचारा. हनुवटी, ओठांच्या वर, छातीवर, बेंबीखाली राठ काळे केस, जोडीला पाळी पुढे-मागे, मुरूम आणि वजन, असं चित्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, शक्यता मोठी. काहींमध्ये थायरॉइड किंवा इतर संप्रेरकांचं कारण निघतं. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही घालवू नका. आतलं कारण तसंच ठेवून वरून केस काढले की नवे येतच राहतात आणि पैसे जातात.

डॉक्टरांकडून कारण कळेपर्यंत रेझर, ट्रिमर, थ्रेडिंग काहीही करा, रेझरने काही बिघडणार नाही. डॉक्टर एफ्लॉर्निथिनचं क्रीमही देतात. त्याने वाढ मंदावते, फरक दिसायला दोन महिने लागतात, आणि बंद केलं की पूर्ववत. या मुली माझ्या काउंटरवर हळू आवाजात, मान खाली घालून बोलतात. हा आजार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे आईनेच तिला आधी सांगायला हवं.

लेझरने केस कायमचे जातात का?

कायमचे कमी होतात, पूर्ण जातात असं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेझर यंत्रांना 'कायमस्वरूपी घट' एवढाच दावा करू दिला आहे. कुणी "शंभर टक्के" म्हणालं तर पैसे भरू नका.

लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषतो, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं हे तत्त्व. म्हणूनच पांढऱ्या केसांवर ते चालत नाही. तोच काळा रंग आपल्या कातडीतही असतो, आणि धोका तिथे आहे. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सर्वांत सुरक्षित. ते खोल जातं आणि वरच्या रंगात कमी अडकतं. ७५५ चं अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेसाठी, ८१० च्या आसपासचा डायोड मधला. यंत्र कुठलं आहे आणि चालवणारा डॉक्टर आहे का, हे दोन प्रश्न विचारायला अजिबात संकोच नको.

साधारण सहा ते आठ बैठका लागतात, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने, कारण सगळे केस एकाच वेळी वाढीच्या टप्प्यात नसतात. बैठकीआधी चार आठवडे वॅक्स, थ्रेडिंग बंद. मूळच उपटलं तर लेझर भाजणार काय? रेझर चालतो. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेझर नको, भाजून काळे-पांढरे डाग पडतात. शेतात किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांनी चेहऱ्याचं लेझर दसऱ्यानंतर सुरू करावं. क्वचित चेहऱ्या-मानेवरचे केस लेझरने उलट वाढतात, हेही आधी माहीत असावं.

पांढऱ्या केसांना उपाय इलेक्ट्रोलिसिस: केसागणिक बारीक सुई घालून वीज देतात. चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने १८७५ साली डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी ते पहिल्यांदा वापरलं. मूळ कायमचं जातं, पण काम फार सावकाश.

जांघेतले केस पूर्ण काढावेत का?

स्वच्छतेसाठी गरज नाही. वेगळ्या ट्रिमरने बारीक ठेवा. केस काढायचं क्रीम त्या नाजूक भागाला लावू नका. आधीच खाज किंवा गजकर्ण असेल तर ते बरं होईपर्यंत रेझर दूर ठेवा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरी रेझर फिरवून जाऊ नका. पात्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं २०१६ चं मार्गदर्शन असं आहे की शस्त्रक्रियेआधी केस काढूच नयेत, आणि लागलेच तर क्लिपरने.

नाकातले केस उपटले तर?

उपटू नका. नाकाच्या आतला फोड साधा नसतो, तिथला संसर्ग आत डोळ्या-मेंदूकडे जाऊ शकतो. बोथट टोकाच्या कात्रीने बाहेर आलेले तेवढेच कापा.

वडील अंथरुणावर आहेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. त्यांची दाढी कशी करू?

रेझर नकोच, इलेक्ट्रिक शेव्हर किंवा ट्रिमर घ्या. आबांना उशीला टेकवून जमेल तितकं बसतं करा. वयाने कातडी सैल होते, म्हणून कानाजवळ दोन बोटं ठेवून गाल हलकेच वर धरा आणि वरून खाली या. ओठांभोवती त्यांना गाल फुगवायला सांगा. जमत नसेल तर सोडून द्या, तिथे खुंट राहिले तरी काही बिघडत नाही. कापलं आणि दहा मिनिटं घट्ट दाबूनही रक्त थांबलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा. गोळी मनाने बंद करू नका.

वापरलेली ब्लेडं कुठे टाकायची?

कचऱ्यात मोकळी कधीच नाही. घंटागाडीवरचे कामगार पिशव्या हाताने वेगळ्या करतात. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, ब्लेडं त्यात टाकत जा. भरला की चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहा आणि गाडीवाल्या दादाच्या हातात सांगून द्या.